विहीणबाईंच्या संग्रहालयातलं पोलकं

आमच्या विहीणबाई रोमानियात राहतात. त्यांच्या गावात लोककलेचं एक लहानसं संग्रहालय आहे, ते त्याच सांभाळतात. चरखे, रंगवलेली मातीची ताटं, जुने लग्नाचे कपडे. मुलगा तिकडे नोकरीला गेला आणि तिथेच त्याचं जुळलं. विहीणबाईंची आणि माझी गाठ फक्त व्हिडिओ कॉलवर. त्यांना माझं कळत नाही, मला त्यांचं. मध्ये सून असते.

लग्न ठाण्यात झालं. विहीणबाईंना येणं जमलं नाही, पण त्यांनी लेकीबरोबर संग्रहालयातलं एक पोलकं पाठवलं होतं, त्यांच्या आईच्या लग्नातलं. लग्नापुरतं घालायचं आणि परत न्यायचं. घालू का, म्हणून सुनेने मला विचारलंही होतं. मी पैठणीच्या तोऱ्यात होते. इथे साडीच शोभते, म्हणून मोकळी झाले. ते पोलकं बघायचीही तसदी घेतली नाही.

लग्नानंतर दोघं काही दिवस आमच्याकडेच होती. तेव्हा एका दुपारी आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत बोहारीण आली. हल्ली त्या क्वचितच दिसतात, त्यामुळे मला भलताच उत्साह चढला. जुन्या कपड्यांवर स्टीलचा मोठा डबा मिळत होता, पण आणखी एक कपडा टाका म्हणून बाई अडून बसली. मी सुनेच्या कपाटात हात घातला. खालच्या कप्प्यात पिवळट, जाडंभरडं, कोपराला ठिगळ लावलेलं काहीतरी होतं, जिकडेतिकडे दोऱ्यांची टोकं. पोरीचा झोपायचा सदरा असेल, नवा घेऊन देऊ, असं ठरवून मी तो देऊन टाकला. ते तेच पोलकं होतं, भरतकाम आत ठेवून उलटं घडी घातलेलं. मी स्वतः जन्मभर पैठणीची जर आत ठेवूनच घडी घालत आलेय, तरी मला ते सुचलं नाही.

परत जायची बॅग भरताना सून पोलकं शोधत कपाट उपसू लागली, तेव्हा तो सदरा कुठला ते मला कळलं. मी लगेच सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती उपसलेले कपडे पुन्हा घड्या घालून ठेवू लागली. मुलगा आणि मी कोपरीपासून कल्याणच्या जुन्या कपड्यांच्या बाजारापर्यंत फिरलो. बोहारीण सापडली, पण तिचा गठ्ठा केव्हाच विकला गेला होता. तिथले ढिगारे उपसताना मला माझीच चीड येत होती.

रविवारी विहीणबाईंचा कॉल आला. माझंच नाव सांग, असं मी सुनेला बजावलं होतं. ती बोलू लागली तसा त्यांचा चेहरा उतरला, आणि मग त्या तिच्यावरच बरसल्या. भाषा कळली नाही तरी आईचं रागावणं कळतंच. सून खाली मान घालून ऐकत होती.

"काय सांगितलंस गं त्यांना?" मी विचारलं.

"माझ्याकडून हरवलं बोलले."

मी काही म्हणायच्या आत विहीणबाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले. हे त्या आमच्याकडूनच शिकल्यात. डोळे पुसत बराच वेळ बोलल्या. सुनेने माझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं, "मम्मी बोलते, माझी मुलगी वेंधळी आहे. तरी तुम्ही तिला सांभाळून घेता."

मला राहवलं नाही. "नाही हो, तिचा काही दोष नाही. मीच दिलं ते बोहारणीला."

सुनेने त्यांना दोनच शब्द सांगितले. विहीणबाईंचा चेहरा निवळला आणि त्यांनी मला पुन्हा हात जोडले.