काकांच्या उजव्या स्पीकरची वायर

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी खराडीला गेलो होतो. सबनीसकाकांचा म्युझिक सेट जोडून द्यायला... जाताना चांगला उत्साहात होतो, येताना गाडी चालवावीशी वाटेना.

सबनीसकाका म्हणजे आमच्या म्युझिक सेटवेड्या ग्रुपचे हेडमास्तर. नव्वदच्या दशकात ऑडिओचा परदेशी माल बाजारात दिसायला लागला, तेव्हा आम्ही पाच-सहा वेडे दर रविवारी सकाळी एरंडवण्यात त्यांच्याकडे जमायचो. मी नुकताच सॉफ्टवेअरमध्ये लागलो होतो, रिक्षात मांडीवर अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तान्ह्या बाळासारखा जपत न्यायचो.

स्पीकर काकांचे, जुने, लाकडी, कमरेएवढे. त्यांच्यावर आलटून पालटून दोन अ‍ॅम्प्लिफायर वाजायचे, दोन्हींवर चादर. कुठला चालू आहे ते कोणाला कळता कामा नये. "डोळ्यांनी ऐकू नका," हे काकांचं ठरलेलं वाक्य... आणि वायरी फक्त तेच जोडणार. दुसऱ्या कोणी हात लावला तर त्याचा चहा बंद.

पण त्या खोलीतला आवाज! गाणं स्पीकरमधून येतंय असं वाटायचंच नाही, खोलीभर भरून राहिलेलं असायचं. आम्ही त्याला 'काकांची हवा' म्हणायचो. तोच अ‍ॅम्प्लिफायर घरी लावला की ती हवा गायब, मग आम्ही आपल्या भिंतींना आणि पडद्यांना शिव्या घालत बसायचो.

आता काकू नाहीत. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि नितीनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, काकांना आपल्या खराडीच्या फ्लॅटवर आणलं. काकांना हल्ली काही आठवत नाही... "घरी कधी जायचं?" एवढंच दिवसभर. मध्यंतरी एकटेच लिफ्टने खाली उतरून गेटबाहेर पडले होते, वॉचमनने परत आणलं.

नितीन आणि त्याची बायको दोघंही आयटीत. "दादा, सेट लागला तर रमतील कदाचित," तो फोनवर म्हणाला. "नाहीच रमले तर मग त्यांना कुठेतरी ठेवायचं बघावं लागेल."

दार काकांनीच उघडलं. "या, बसा आपण." जन्मभर त्यांच्या तोंडून 'काय रे मिल्या' ऐकलेलं... मला वाटलं, टोमणा आहे. हसलो, आणि कामाला लागलो.

सामान हलवणाऱ्यांनी वायरी सोडवायच्या ऐवजी सरळ कापल्या होत्या. स्पीकरच्या मागे त्यांचे तुकडे तसेच अडकलेले. डाव्या स्पीकरला लाल रेघेची वायर लाल खाचेत, बरोबर. उजव्याला मात्र तीच वायर काळ्या खाचेत... उलटी. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे दोन्हींचे तुकडे बरोबर खाचांत, म्हणजे चूक फक्त इथेच.

या छंदातली ही अगदी पहिल्या इयत्तेतली चूक. एक स्पीकर उलटा जोडला की दोन्ही हवा एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात, आवाज मधोमध जमतच नाही, नुसता पसरतो. म्हणजे 'काकांची हवा' ती हीच! इतकी वर्षं आम्ही कानांचा तोरा मिरवला, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. लाज वाटली, हसूही आलं. मी आणलेली नवीन वायर सरळ जोडली आणि आमची नेहमीची रेकॉर्ड लावली.

तंबोरा सुरू झाला, मग गाणाऱ्या बाईंचा आवाज. स्वच्छ, भरदार, दोन स्पीकरच्या बरोबर मधे. पुस्तकात लिहिलेलं असतं तस्सा.

काका ताडकन उठले. "ही बाई कोण बसलीये इथे?" समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवत होते. "हिला जायला सांगा. मला घरी जायचंय."

नितीनचा चेहरा पडला. "आता भासही व्हायला लागले," तो हळूच म्हणाला. "डॉक्टरांना सांगायला हवं."

माझ्या अंगावर मात्र काटा आला. कारण भास नव्हताच तो... बाई खरंच तिथे बसली होती. सरळ जोडलेल्या सेटवर गाणारी तिथेच बसायला हवी. काकांना माणसं ओळखू येत नव्हती, पण कान शाबूत होते. आणि त्यांच्या घरात ती बाई कधीच अशी समोर येऊन बसली नव्हती.

मी सेट बंद केला. उजव्या स्पीकरच्या मागे बसलो आणि जाणूनबुजून वायर उलटी केली. असं काम मी जन्मात केलं नव्हतं.

पुन्हा रेकॉर्ड लावली. आवाज पातळ झाला, भिंतींना लागला, पडद्यांवरून फिरून खोलीभर झाला... काका हळूहळू खुर्चीत टेकले. "हां, आता कसं!" डोळे मिटले आणि मांडीवर बोटं चालायला लागली.

बाजू संपली तेव्हा माझ्याकडे वळले. "आपल्याला आवड दिसतेय. येत जा रविवारी. आमचा मिल्या म्हणून एक पोरगा येतो, ओळख करून देतो. जरा उद्धट आहे, पण कान चांगलाय त्याचा."

"येईन," म्हणालो. मग बाल्कनीत जाऊन मनसोक्त रडून घेतलं. नितीन शेजारी येऊन उभा राहिला.

आता रविवार सकाळ खराडीची. काका अजून 'घरी' विचारतात, पण सेट चालू असेपर्यंत नाही. कुठेतरी ठेवण्याचा विषय नितीनने सध्या तरी काढलेला नाही, तेवढ्यासाठी त्या चुकीच्या वायरचे आभार.

रेकॉर्ड बदलताना काका दाराकडे बघतात आणि म्हणतात, "मिल्या आज आला नाही." मी सांगतो, ट्रॅफिकमध्ये अडकला असेल. ते त्यांना पटतं.