बेचकीवरचा सैल दोरा

बाल्त्रुस भाऊजींना कुणी गळ भेट दिला की ते आधी त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढतात. नखावर ओरखडा उमटला तर गळ बरा. घसरला तर परत कागदात गुंडाळून देणाऱ्याच्या हातात. "शर्टाला बटण म्हणून लाव," असं वर ऐकवतात. त्यामुळे त्यांना गळ देणारे आता फारसे उरलेले नाहीत.

ते माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आमची घरं एकाच अंगणात, मधे विहीर आणि एक म्हातारं सफरचंदाचं झाड. उताराला तळं. तळ्यात मासे पुष्कळ, पण भाऊजींच्या लेखी मासा एकच, लिदेका. लांब चपटी चोच, तोंडात करवत, हिरव्या अंगावर फिकट ठिपके. लव्हाळ्याच्या कडेला ओंडक्यासारखी निपचित पडून राहते आणि समोरून लहान मासा गेला की झडप घालते. "बाईमाणूस आहे," भाऊजी म्हणतात, "तोंडात घेते पटकन, पण गिळायच्या आधी दहा शंका." हे बोलताना बघतात मात्र माझ्याकडे.

त्यांचे गळ हेरिंग माशाच्या जुन्या डब्यात असतात. तळाशी लोकरी बुटाचा तेल पाजलेला तुकडा, म्हणजे गंज धरत नाही. सगळे एकेरी. दुकानात आता तीन तोंडांचे गळ मिळतात, चकचकीत. भाऊजी त्यांना झुंबर म्हणतात. ते झुंबर घशात गेलं की लिदेका लहान असो की पोटात अंडी असोत, जिवंत परत सोडायची सोय राहत नाही. एकेरी गळ चिमट्यात धरून उलटा फिरवला की सुटतो. "आलेल्या सगळ्याच पाहुण्यांना आपण जेवायला ठेवून घेतो का?" असं त्यांचं म्हणणं. गळाचं मापही ते लिदेका बघून ठरवत नाहीत, आमिष बघून ठरवतात. बोटभर मासा असेल तर त्याला पेलेल एवढाच गळ, आणि तोही पाठीच्या पंखापाशी कातडीला धरून, कणा चुकवून. आमिष हसतखेळत पोहलं पाहिजे. मेल्यासारखं लटकलं तर लिदेका ढुंकून बघत नाही.

हे सगळं मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी चार बुकं शिकलेली बाई, माझं शहाणपण चुलीपाशी आणि लोकरीच्या गुंड्यात. पण या माणसाचं मी इतकं खाल्लंय की त्याचा गळ मला ओळखता यायलाच हवा.

पोविलास, म्हणजे माझा नवरा, जंगलात लाकूडतोडीला गेला होता तेव्हा झाड अंगावर पडून गेला. आमची लेक गेनुते तेव्हा पाळण्यात होती. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी घरात बीट होते, बटाटे होते, आणि रडणं होतं. त्या संध्याकाळी आमच्याकडे मांस, दूध, अंडी काही चालत नाही. मासा मात्र लागतो, आणि गेलेल्या माणसाचं ताटही मांडावं लागतं. ताट मांडून मी पाणी आणायला दार उघडलं तर कडीला विलोच्या फांदीत ओवलेली लिदेका. दार वाजवलेलं नाही, हाक नाही. बर्फात पावलं होती, ती थेट भाऊजींच्या दारात जात होती. मी जाऊन म्हटलं, "मांजराने नेली असती म्हणजे?" तर म्हणाले, "मग मांजराला जेवायला बोलावलं असतं." हात धरून ओढत आणलं तेव्हा टेबलाशी बसले.

तेव्हापासून दर वर्षी मासा त्यांचा आणि टेबल माझं. गेनुतेचे बूट, छपराची फळी, गाईचं बाळंतपण, सगळ्यात ते होते आणि कशातच बोलले नाहीत. गावाने आमची सोयरीक केव्हाच जुळवून टाकली होती. आम्ही नाही जुळवली. माझं तोंड त्यांना अंगणापलीकडून पुरेसं होतं.

यंदा सप्टेंबरात बटाटे काढताना त्यांची उजवी बाजू गेली. इस्पितळातून परत आले. पाय परत आला, जीभ परत आली, जीभ तर जरा जास्तच आली. पण उजव्या हाताची बोटं आली नाहीत. हात टेबलावर ठेवला की पिशवी ठेवल्यासारखा दिसायचा.

डिसेंबरात तळं गोठलं. मी सूप घेऊन गेले तर म्हणाले, "वहिनी, यंदा त्या संध्याकाळी माझं ताट मांडू नका."

"का, दुसरीकडे आमंत्रण आहे?"

"मासा कोण आणणार? हा?" त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून दाखवला.

"मासा दुकानात मिळतो."

"मग दुकानदाराला बसवा जेवायला." सुपाकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्या टेबलाशी मी रिकाम्या हाताने कधी बसलेलो नाही. मांडायचंच असेल तर पोविलासच्या ताटाला लागून मांडा. दोघे भाऊ गप्प बसू."

"मेलेल्यांच्या पंगतीत बसायची एवढी घाई? तिथे भांडी घासावी लागत नाहीत म्हणून?"

हसले नाहीत. हा माणूस माझ्या बोलण्यावर हसला नाही म्हणजे काय ते मला कळलं. एकदा त्या टेबलावरून उठला की तो हळूहळू सगळ्यातूनच उठणार. मी भिंतीवरच्या बेचक्या काढल्या आणि त्यांच्यापुढे टाकल्या.

"बांधायचं कसं ते सांगा. हात माझे, तोंड तुमचं. तोंडाला काही झालेलं दिसत नाही."

बेचकी म्हणजे हेझलच्या झाडाची दोन शिंगांची तळहाताएवढी काटकी. दोन्ही शिंगांवरून दोरा आडवातिडवा गुंडाळायचा, एका शिंगाच्या टोकाला चीर असते तिच्यात अडकवायचा, आणि उरलेला खाली सोडायचा. त्याला शिसं, मग बारीक तार, कारण दोरा लिदेका दातांनी तोडते, आणि तारेला गळ. ही बेचकी बर्फातल्या भोकावर आडवी काठी टाकून तिला टांगायची. लिदेकाने आमिष ओढलं की दोरा चिरेतून सुटतो आणि उलगडत जातो.

ऐकायला सोपं. तारेला गळ बांधताना मी दोनदा स्वतःलाच गळाला लावलं.

"वहिनी, आमिष म्हणून तुम्ही जरा मोठ्या पडाल," भाऊजी म्हणाले.

मग मला आठवलं, गेनुते आता विल्नियस शहरात असते, तिथून तिने काकाला एक पाकीट पाठवलं होतं. झुंबरं बघून त्यांनी ते शेगडीमागे फेकलं होतं. मी काढलं. झुंबरांखाली तयार तारा होत्या, टोकाला गळ्यातल्या साखळीला असते तशी चिमुकली आकडी. गाठच नको, गळाचा डोळा त्यात सरकवला की झालं. भाऊजींनी तार टेबलावर कोपराने दाबली, डाव्या हाताने डब्यातला एक गळ निवडला, नखावर ओढून पाहिला, आणि आकडीत अडकवला. पुन्हा काढला. पुन्हा अडकवला.

"पोरीला अक्कल आहे," ते म्हणाले. "झुंबरं सोडून."

ते एकामागून एक गळ चढवण्यात रमले आणि दोरे मी गुंडाळले. चांगले नीट गुंडाळले, जन्मभर लोकर गुंडाळलीय मी.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. पुढे भाऊजी डाव्या हाताने पहार आपटत, बर्फाचा आवाज ऐकत. मागे मी घसरगाडी ओढत. भोकं पाडली मी, जागा दाखवल्या त्यांनी, लव्हाळं संपून पाणी खोल होतं तिथे. वरून स्प्रूसच्या फांद्या आणि भुसभुशीत बर्फ, म्हणजे भोक गोठत नाही. दुपारी पाहायला गेलो. सगळ्या बेचक्या जशाच्या तशा. एकीचा दोरा वीतभर ओढलेला, खाली आमिष मेलेलं, दोन्ही कुशींवर दातांचे आडवे चरे.

भाऊजींनी बेचकी डोळ्यांपाशी नेली. दोरा ओढून पाहिला, सुटेना. दातात धरून ओढला, तरी सुटेना. आणि मग ते हसायला लागले. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

"वहिनी, हा पायमोजा कुणासाठी विणलात?"

"सैल गुंडा मांजराचा, असं माझी आई सांगायची."

"ती घरातली गोष्ट. हिला ओढ कळता कामा नये. ती मासा आडवा धरते, बाजूला नेते, थांबते, फिरवून तोंडाकडून गिळते. तेवढा वेळ तिला वाटलं पाहिजे, मागे कुणीच नाही. जरा ओढ लागली की थुंकून मोकळी."

दारच्या कडीला मासा टांगून न बोलता निघून जाणारा माणूस हे मला सांगत होता. मी मान खाली घालून सगळे दोरे उलगडले आणि घरी येऊन पुन्हा गुंडाळले, सैल, माझ्या आईला लाज वाटेल असे. भाऊजी एकेक दोरा ओठांत धरून हलकेच ओढायचे. बोटांना कळत नव्हतं म्हणून ओठांनी तपासत होते. चिरेतून केसासारखा निघाला तरच मान हलवायचे.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी एका भोकावरची फांदी बाजूला केली तर बेचकी पाण्यात गरगर फिरत होती. मी हात घातला.

"थांबा!"

बेचकी थांबली. लिदेका सुटली, असं मला वाटलं.

"फिरवतेय ती," भाऊजी कुजबुजले. "बोलू नका. तुम्हाला जड जाईल, पण बोलू नका."

दोरा पुन्हा चालू लागला, संथ. "आता."

मी ओढलं. खालून धक्का आला तो खांद्यापर्यंत गेला. भाऊजींनी माझ्यामागे गुडघे टेकून दोरा डाव्या हाताला वेढला आणि आम्ही दोघं दोन म्हातारे बैल मोट ओढतात तसे ओढत राहिलो. चोच भोकातून वर आली. मासा बर्फावर पडला.

लहान होता.

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांचा नियम जुना आहे. उजव्या हाताच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जी भरत नाही ती परत जाते, मग घरात कुणी उपाशी असो. ते बर्फावर आडवे झाले आणि हात माशाशेजारी ठेवला. बोटं मुठीसारखी वळलेली. मी हातमोजे काढले, त्यांच्या शेजारी बसले, आणि एकेक बोट सरळ करत गेले. गार, ताठर, जुन्या दोरासारखी बोटं. मधलं बोट धरून ठेवलं. लिदेकाची शेपटी त्याच्यापुढे जेमतेम गेली होती.

"ओढाताण केली नाहीत ना? लबाडी नको," भाऊजी म्हणाले.

"बोट तुमचं आहे, गुंडा नाही माझा. ओढून लांब होत नाही."

त्यांनी स्वतः वाकून पाहिलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग म्हणाले, "शेपटीसकट बसते."

"शेपटी तिचीच आहे ना?"

"तिचीच आहे."

"मग संध्याकाळी आकाशात पहिला तारा दिसला की जेवायला या. अंघोळ करून."

मासा लहान म्हणून मी तो पाव, कांदा, गाजर ठासून भरला. इतका की गेनुते आल्याआल्या म्हणाली, "आई, हा मासा आहे की उशी?" पहिला तारा दिसला तेव्हा भाऊजी आले, इस्त्रीचा शर्ट, बटणं डाव्या हाताने लावलेली, एक चुकलेलं. पोविलासच्या ताटाशी क्षणभर थांबले आणि आपल्या खुर्चीत बसले. जेवणाआधी सगळ्यांनी वाटून खायची चर्चमधली पवित्र पापडी गेनुतेने त्यांच्यासमोर धरली, त्यांनी डाव्या हाताने मोडली.

आमच्या घरी माशाचं डोकं ज्याने गळ लावला त्याला जातं. इतकी वर्षं ते भाऊजींच्या ताटात पडत आलं. मी यंदाही तिथेच वाढलं. त्यांनी ताट उचलून डोकं माझ्या ताटात सरकवलं.

"गळ तुम्ही निवडलात," मी म्हटलं.

"दोरा तुम्ही सोडलात."

लिदेकाच्या गालात एक मऊ घास असतो, अंगठ्याच्या नखाएवढा. या वयापर्यंत मी तो चाखला नव्हता. एका बाजूचा मी खाल्ला. दुसऱ्या बाजूचा काट्याने काढून त्यांच्या ताटात ठेवला, आणि त्यांनी तो खाल्ला.