दिवाणाचा पट्टा

साखरामावशीच्या कुत्र्यावरून कुणी दात काढले की मी तोंड सोडते, मग म्होरं सासरा असू दे न्हाईतर सरपंच. आष्टीच्या अलीकडं आमची वस्ती हाय. मावशी माझी शेजारीण, साठी कवाच उलटलेली. नवरा गेला, लेकीचं लगीन झालं. मागं ऱ्हायली ती शेरडं आन दिवाण. दिवाण म्हणजे कुत्रा. फाटक्या कानाचा, थोराड, आन मावशीबिगर कुणाच्या बापाचं न ऐकणारा.

थंडी पडली की मावशी त्याला नटवायची. दहिवराच्या गवतातनं चालून त्याचं पोट भिजतं म्हणून गोणपाटाची झूल शिवली व्हती, आतनं जुन्या लुगड्याचं अस्तर, पोटाखाली बांधायला दोऱ्या. पंजे उलायचे, त्यांला करडीचं तेल. आन सगळ्यात मोठी चीज म्हणजे लोहाराकडनं करून घेतलेला लोखंडी पट्टा, बाहेरच्या अंगाला बोटाएवढाले खिळे. बिबट्या कुत्र्याची नरडीच धरतो. त्या हिवाळ्यात वस्तीवरची कुत्री एकामागं एक गेलती, म्हणून हा पट्टा.

पण वस्तीत त्यो पट्टा घालता येत न्हाई. दिवाण शेरडांत घुसून अंग घासायचा, एखाद्या करडाचा डोळाच जायचा. म्हणून वढ्यापाशी शेरडं पांगली की मगच घालायचा. त्यात पहाटचं लोखंड गार पडायचं, गळ्याला लागलं की दिवाण केकाटायचा. मग ही बाई काय करायची? पट्टा चुलीच्या राखंत उबवायची, आपल्या गळ्याला मफलर गुंडाळायची आन त्यावरून पट्टा स्वतःच घालून निघायची. वढा येईस्तोवर गार व्हायला नको म्हणून!

हाटेलवाला बिभीषण रोज वरडायचा, "मावशे, तुलाबी साखळी आणू का?"

"आण की मुडद्या. दुसरं टोक तुझ्या गळ्यात अडकवते."

मी म्हणायची, "मावशे, कुत्र्यापायी येड लागलंय व्हय तुला?"

"वने, तू नुसती पाठीला गार पळी लावून बघ. मग बोल."

हिच्याशी कोण डोकं लावणार!

पौष लागला व्हता. दिवस उगवला व्हता, पण धुकं हटत नव्हतं. मी तूर कापायला निघालते, हातात कोयता. मावशी म्होरं, तिच्याम्होरं शेरडं. वढ्यापाशी दिवाणाच्या झुलीची दोरी सुटली. रोज मावशी आधी पट्टा काढून त्याला घालायची. त्या दिवशी झूल चिखलात लोळाया लागली म्हणून ती दोरी बांधाया खाली बसली. पट्टा गळ्यातच ऱ्हायला.

तुरीतनं त्यो आला. कसा आला ते मला दिसलंच न्हाई. मावशी पालथी पडलेली आन पाठीवर ते ठिपक्याचं धूड, एवढंच दिसलं. त्यानं तिचं मानगूट धरलं आन लोखंडावर दात वाजल्याले मी ऐकले. दुसऱ्या क्षणाला त्यो असा किंचाळला की शेरडं वढ्यात पडली. तोंडातनं रक्ताची धार लागली. पण पंजा त्यानं सोडला न्हाई, मावशीचा खांदा वरपासनं खालपतुर फाडला.

तवर दिवाण त्याच्या तोंडावर गेलता. मोकळ्या गळ्यानं.

बिबट्यानं मावशीला सोडलं आन दिवाणाची नरडी धरली. धरली आन झटकली, पुन्हा झटकली. मावशी उठली, रक्तानं न्हालेली, आन काठी घालाया लागली. "सोड! सोड रं, भाड्या!" काठी मोडली तर मोडक्या काठीनं त्याच्या डोळ्यात खुपसाया लागली. मी कोयता हाणला. मांडीवर बसला. हाडाला लागल्यालं मला हातात कळलं. मी पुन्हा हाणला, शिव्या देत हाणला. तवा कुठं त्यानं तोंड उघडलं आन लंगडत तुरीत शिरला.

दिवाणाचा गळा उघडा पडला व्हता. श्वास तिथूनच बाहेर यायचा, बुडबुडे व्हायचे. मावशीनं आपल्या गळ्यातला पट्टा काढला आन त्याच्या फाटक्या गळ्याला लावला. एका हातात तर जीवच न्हवता तिच्या.

"वने, बक्कल लाव की गं. पट्टा अजून ऊन हाय बघ. लाव लवकर."

मी लावलं. हात रक्तानं घसरत व्हते. दिवाणानं तिच्याकडं बघून शेपूट हलवायला घेतलं, आन ते तसंच ऱ्हायलं.

मावशीला बीडला नेलं. खांदा शिवला, हात थोडा अधू झाला, पण मानंवर वरखडासुदीक नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मान वाचली म्हणून आजी वाचल्या." मावशीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

दिवाणाला तिच्या माघारी बिभीषणानंच वढ्याकाठी पुरला, झुलीसकट. पट्टा काढून ठेवला व्हता. मावशी घरी आल्यावर त्यानं तो धुऊन तिच्या म्होरं ठेवला आन म्हणाला, "मावशे, ह्यानं तुझा जीव वाचवला. जपून ठिव."

मावशी लई वेळ त्या खिळ्यांवरनं बोट फिरवत बसली.

"त्याचा जीव व्हता बाबा ह्यो," ती म्हणाली. "मी माझ्या गळ्यात घालून हिंडत व्हते."

बिभीषण खाली मान घालून उठून गेला.