सरळ कोन, नव्वद अंश

ज्ञानू कोळपेच्या आजोबांनी मेंढरं राखली, वडील भैरू कोळपे यांनी ती विकून कासुर्डीत कालव्याकाठी ऊस लावला, आणि ज्ञानूने गणित घेतलं. त्यामागे आवड होती असं कोणी समजू नये. गणिताच्या शिक्षकांचा तुटवडा आहे असं कॉलेजातल्या एका कारकुनाने सांगितलं होतं, एवढंच.

बी.एस्सी. होऊन तो मांडवगण फराट्याच्या हायस्कुलात लागला. तिथे तो अनट्रेंड होता, म्हणजे बी.एड. न झालेला. अनट्रेंड माणसाला एप्रिलअखेर घरी पाठवतात आणि जूनमध्ये वाटलं तर बोलावतात. दोन उन्हाळे ज्ञानूने कासुर्डीत उसाला पाणी देत काढले. त्याचं शिकवणं मध्यमच होतं. भराभर गणितं सोडवायचा, पुढच्या बाकांना कळायचं, मागचे बाक खिडकीतून ऊसगाड्या बघायचे. पण कोणी काही विचारलं तर थांबायचा. परत सांगायचा. ही सवय पुढे मोडली.

१९७४ च्या मे महिन्यात दौंडच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी त्याला बोलावून घेतलं.

"तुमच्यासाठी जागा वर्षभर रिकामी ठेवतो," ते म्हणाले. "बी.एड. होऊन या. नापास झालात तर मग दुसरा बघतो. इथं रेल्वेवाल्यांची पोरं आहेत. त्यांचे बाप पहिल्यांदा विचारतात, सर ट्रेंड आहेत का?"

"शिकवतात कसं ते विचारत न्हाईत?"

"ते कशाला विचारतील? त्यांना काय कळतं त्यातलं?"

आपल्याला तरी काय कळतं, हे मुख्याध्यापकांनी सांगितलं नाही. ज्ञानूने शिरूरची एस.टी. धरली.

शिरूरचं ते अध्यापक महाविद्यालय पुढे बंद पडलं, त्याबद्दल हळहळलेलं कोणी आढळात नाही. त्याला विद्यापीठाची मान्यता होती आणि पत्र्याचं छप्पर होतं. गणित अध्यापन पद्धती हा विषय प्राध्यापक जयसिंग ढमढेरे यांच्याकडे होता. ढमढेरे सरांची पदवी भूगोलाची. शाळेतल्या मुलांना त्यांनी शेवटचं कधी शिकवलं हे त्यांनाही आठवत नसे. पण गणित कसं शिकवावं याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

त्यांचा सगळा जीव टाचणात होता. टाचण म्हणजे पाठाच्या आधी लिहून मंजूर करून घ्यायचा आराखडा. पानाला मधोमध रेघ. डावीकडे शिक्षक काय बोलणार, उजवीकडे विद्यार्थी काय बोलणार. ज्या मुलांचं तोंडही अजून पाहिलेलं नाही त्यांची उत्तरं आदल्या दिवशी लिहायची, आणि त्यावर ढमढेरे सरांची सही घ्यायची. दर उत्तरापुढे शिक्षकाने 'शाब्बास' म्हणायचं. तेही लिहून.

ज्ञानूचा पहिला सराव पाठ गावातल्या एका हायस्कूलमध्ये, आठवीच्या वर्गावर झाला. विषय होता वर्तुळाचा परीघ. त्याने विचारलं, "त्रिज्या दुप्पट केली तर परीघ किती वाढंल?" आणि मांडवगणच्या सवयीने वाट बघत उभा राहिला. शेवटी मधल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "लै."

वर्ग हसला. ज्ञानूही हसला. "लै म्हंजी किती?" त्याने विचारलं, आणि मुलं खरोखर विचार करू लागली. एकाने दप्तरातून दोरी काढली.

मागे बसून पाठ तपासणारे ढमढेरे सर दोरी सुटेपर्यंत थांबले नाहीत, उठून बाहेर गेले. तास संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी टाचण ज्ञानूपुढे धरलं.

"कोळपे, यात 'लै' कुठे आहे?"

"सर, ते पोरगं बोललं."

"पोरगं बोललं! टाचणात 'दुप्पट' लिहिलंय, मंजूर मी केलंय, आणि वर्गात 'लै' येतं. याचा अर्थ काय?"

"त्याला अजून येत न्हाई, सर."

"याचा अर्थ तुमची पूर्वतयारी नाही." आणि त्यांनी 'क' श्रेणी लिहिली.

असे आणखी दोन 'क' मिळाले. मग खोलीतला सोबती हरिबा दोरगे याला त्याची दया आली. हरिबा भांडगावचा, इतिहासाचा. त्याला कायम 'अ' मिळे.

"लेका, तू वर्गात शिकवायला जातोस व्हय?" हरिबा म्हणाला.

"मग कशाला जायचं?"

"पाठ द्यायला. शिकवायचं आदल्या दिवशी. मधल्या सुट्टीत वर्ग तयार करून घ्यायचा. येका रांगेतली पोरं धरायची, पयल्याला पयलं उत्तर, दुसऱ्याला दुसरं. दुसऱ्या दिशी समद्यांनी हात वर करायचे, तू आपला रांगेनं बोट दाखवीत जायचं."

"आन् ढमढेरे सर?"

"सरांना ठावं न्हाई असं वाटतंय तुला? त्ये बी असंच पास झाल्यात."

आठवीचा तो वर्ग या धंद्यात मुरलेला होता. एका हिवाळ्यात इतके भावी शिक्षक त्या वर्गावरून गेले होते की मुलांनी दर ठरवून टाकला होता. ज्ञानू मधल्या सुट्टीत गेला तेव्हा बन्सी नावाचा मुलगा पुढे आला. तोंडात आधीच कोणाची तरी लिमलेटची गोळी होती.

"सर, सोप्या प्रश्नाला येक गोळी. आकडा असंल तर दोन. परीक्षक येणार असत्याल तर आधी द्यायची."

"आधी का?"

"मागल्या येळी येक सर पास झालं आन् आलंच न्हाईत."

रांगेत शेवटी धुरपदा नावाची मुलगी बसायची. तिने गोळी घेतली नाही. "मला येतंय, सर," ती म्हणाली. "येतंय त्याला गोळी कशाला?"

सोबत आलेल्या हरिबाने ज्ञानूला बाजूला घेतलं. "हिला प्रश्न देऊ नगंस."

"का? हुशार दिसतीय."

"म्हणूनच. ती उत्तर दील."

धुरपदाला वगळलं. ज्ञानूच्या पाठांना आता 'ब' मिळू लागला, आणि जानेवारीपर्यंत 'अ'. ढमढेरे सर एकदा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता शिक्षक झालात." 'लै' हे उत्तर त्याच्या वर्गात पुन्हा कधी आलं नाही.

मार्चमध्ये वार्षिक पाठ होता. पुण्याहून परीक्षक येणार, त्यांनी नापास केलं तर लेखी परीक्षेत कितीही मार्क मिळोत, वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की दौंडची जागा गेली. मुख्याध्यापकांनी निरोपही पाठवला होता की दुसरा एक उमेदवार दोनदा चहाला येऊन गेला.

ज्ञानूने विषय घेतला त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापला, त्याचे कोपरे सुटे केले, मागे वाळूचा कागद डकवला म्हणजे ते खादीच्या फलकावर चिकटतील. आदल्या दिवशी रांग तयार केली. पहिल्याने 'त्रिकोण' म्हणायचं, दुसऱ्याने 'तीन कोन'. काटकोन किती अंशांचा, याला बन्सीने 'नव्वद'. सरळ कोन किती अंशांचा, याला बन्सीच्या शेजाऱ्याने 'एकशे ऐंशी'. मग कोपरे जोडून कोणता कोन झाला, याला 'सरळ कोन'. मग बेरीज किती, 'एकशे ऐंशी'. शेवटच्याने एका उदाहरणाचं उत्तर सांगायचं, 'सत्तर'. प्रत्येकाला आपापलं पाठ. प्रश्न काय आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं, आणि तसं ते ठेवावं असं कोणी सांगितलंही नव्हतं.

पाठ सुरू झाला. त्रिकोण आला, तीन कोन आले. एवढ्यात ढमढेरे सर परीक्षकांना घेऊन आत शिरले. वर्ग उठून उभा राहिला, एका सुरात 'नमस्ते' झालं, वर्ग बसला. परीक्षक मागच्या बाकावर टेकले आणि त्यांनी शेऱ्यांचा कागद मांडीवर घेतला. या उठण्याबसण्यात ज्ञानूचा धागा तुटला. काटकोनाचा प्रश्न विचारून झाला असं त्याला वाटलं.

"सरळ कोन किती अंशांचा असतो?" त्याने विचारलं.

सगळे हात वर. बोट ठरल्याप्रमाणे बन्सीकडे गेलं.

"नव्वद अंशांचा," बन्सी ठणठणीत आवाजात म्हणाला.

"शाब्बास. बस." ज्ञानू वळला आणि सुवाच्य अक्षरात त्याने फळ्यावर लिहिलं: सरळ कोन = १८०°.

खडू खाली ठेवताना त्याला कळलं. एका वर्षात त्याच्या जिभेला जे वळण लागलं होतं त्याने उत्तर ऐकायच्या आधीच शाब्बासकी देऊन टाकली होती. मागच्या बाकावर परीक्षक फळ्याकडे बघून काहीतरी लिहीत होते. ढमढेरे सर परीक्षकांकडे बघत होते.

आणि रांगेच्या शेवटी धुरपदा उभी राहिली. कोणी बोट न दाखवता.

"सर, बन्सी चुकलाय. सरळ कोन नव्वदचा नसतो. तुम्ही फळ्यावर बरोबर लिव्हलंय, मग त्याला शाब्बास का म्हणलात?"

एवढंच करायचं होतं: तिला 'बरोबर' म्हणायचं, बन्सीला विचारायचं, काटकोनापासून पुन्हा सुरुवात करायची. तसं केलं असतं तर उजवा रकाना कोलमडला असता, परीक्षकांची मान वर झाली असती, आणि दौंडला चहा पिऊन गेलेला उमेदवार जूनमध्ये हजर झाला असता. ज्ञानूने परीक्षकांकडे पाहिलं.

"खाली बस," तो म्हणाला. "शंका शेवटी विचारायच्या."

परीक्षकांनी मान हलवली आणि पुन्हा लिहिलं. धुरपदा बसली.

पुढे गाडी उतारावरून निघावी तशी निघाली. पुठ्ठ्याचे तिन्ही कोपरे खादीवर शेजारी शेजारी चिकटले. "कोणता कोन झाला?" "एकशे ऐंशी." शाब्बास, आणि फळ्यावर 'सरळ कोन'. "मग तिन्ही कोनांची बेरीज किती?" "सरळ कोन." शाब्बास, आणि फळ्यावर '१८०°'. "एक कोन पन्नासचा, दुसरा साठचा, तिसरा किती?" "एकशे ऐंशी." शाब्बास, आणि फळ्यावर '७०°'. फळा पुस्तकातल्या पानासारखा निर्दोष दिसत होता. रांगेत एक मुलगा उरला होता. त्याचं उत्तर तोंडात तसंच राहिलं होतं, आणि गोळीही.

"सगळ्यांना समजलं ना?" ज्ञानूने विचारलं.

"सत्तर, सर!" तो मुलगा म्हणाला.

"शाब्बास."

परीक्षकांना अजून तीन वर्गांत जायचं होतं. त्यांनी शेरा लिहिला: फलकलेखन उत्तम. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्साहपूर्ण. वर्गनियंत्रण प्रशंसनीय. ढमढेरे सरांनी तो बाहेर जाता जाता ज्ञानूला दाखवला आणि डोळा मिचकावला. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं असं नाही.

घंटा झाल्यावर ज्ञानू फलक गुंडाळत होता तेव्हा धुरपदा पुढे आली.

"सर, आता विचारू का?"

"काय?"

"तुम्ही म्हणला शंका शेवटी."

"हां. सरळ कोन एकशे ऐंशीचाच. तुझं बरोबर हाय."

"मग बन्सीला शाब्बास?"

"ते परीक्षेसाठी होतं, बाई. माझी परीक्षा होती."

"मग आम्ही परीक्षेत काय लिव्हायचं?"

ज्ञानूने फलक काखेत घातला आणि पुढचा तास आहे म्हणून निघाला. त्याला पुढचा तास नव्हता.

वर्गाच्या नेहमीच्या शिक्षकांनी हा भाग शिकवलाच नाही. बी.एड.वाल्यांनी घेतलाय म्हणजे झाला, असं त्या शाळेत धरलं जाई. वार्षिक परीक्षेत आठवीच्या बऱ्याच मुलांनी सरळ कोन नव्वदचा लिहिला. त्यांना मार्क मिळाले नाहीत. ज्ञानूला प्रात्यक्षिकात पहिला वर्ग मिळाला.

जूनमध्ये तो दौंडला रुजू झाला. मुख्याध्यापकांनी प्रमाणपत्र उजेडाकडे धरून वाचलं, वेळापत्रक करता येतं का ते विचारलं, आणि रेल्वेवाल्यांना सांगितलं की सर ट्रेंड आहेत. दोन वर्षांनी कायमपणाची ऑर्डर निघाली. आता उन्हाळ्याचा पगार मिळतो. कासुर्डीच्या उसाला पाणी गडी देतो. भैरू कोळपे यात्रेत पाहुण्यांना सांगतात, "पोरगं दौंडला मोठं सर हाय. त्याच्या वर्गात कोणी चूं करत न्हाई." हे खरं आहे.

दौंडलाही आता बी.एड.ची मुलं सरावाला येतात, आणि त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी कोळपे सरांना नेमलं आहे. १९७९ च्या हिवाळ्यात आलेल्या तुकडीला त्यांनी पहिल्याच दिवशी शिक्षकखोलीत बसवून घेतलं. प्रश्नांचा क्रम मनात पक्का करा, म्हणाले. वर्ग आदल्या दिवशी तयार करा. परीक्षक आत आले तर प्रश्न मागचाच पुन्हा विचारा, पुढचा नाही.

"आणि वर्गात एखादी फार डोकं चालवणारी मुलगी असेल," ते म्हणाले, "तर त्या तासाला तिला पाण्याची घागर भरायला पाठवा."

मुलांनी ते लिहून घेतलं. एकाने विचारलं, "सर, पण नव्या वर्गात ती ओळखायची कशी?"

"सोपं आहे," कोळपे सर म्हणाले. "ती गोळी घेत नाही."