कुंदाच्या पाठीमागे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथेही दुसरंच काहीतरी मागून उठले. तुला सांगते. मध्ये बोलू नकोस, बस.

मुलुंडच्या आमच्या चाळीत मला अजून 'कुंदाला बरी करणारी वैनी' म्हणतात. कुंदा माझी धाकटी जाऊ. आणि ते खोटंही नाही — मी तिला बरी केली, माझ्या या दोन हातांवर. पण आधी त्याच हातांनी — थांब. सुरुवातीपासून सांगते.

रेशनवर परदेशी लाल ज्वारी, मिलो, मिळायची ते दिवस. कुंदा भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात डबे भरायला जायची. एका दुपारी तिथला बॉयलर फुटला, छप्पर खाली आलं. संध्याकाळपर्यंत कुंदा पत्र्यांखाली अडकून होती. बाहेर काढली, तर अंगावर धड ओरखडासुद्धा नाही. "नशीबवान गो बाय," म्हणत सासूबाईंनी नारळ ओवाळून टाकला.

पण घरी आली ती कुंदा कुठे होती? खांदे कानाला टेकलेले. मुठी आवळलेल्या, त्या झोपेतही सुटत नव्हत्या. उताणी निजायची नाही. स्टोव्ह भडकला तरी थरथरायची. डॉक्टरांनी हाडं तपासली, टॉनिक लिहून दिलं. "शरीराला काही झालेलं नाही," म्हणाले.

शरीराला काही झालेलं नाही — मग हे काय? नाटकच ना? पाणी भरायचं मी, भाकऱ्या थापायच्या मी, तिचे कपडे धुवायचे मी. सासूबाई रोज तिच्या पायांना तेल चोळायच्या. माझी कंबर मोडली होती, ते कुणाला दिसत होतं? मी आतून जळत होते. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच. कुंदा खिडकीशी पाठमोरी बसलेली. मी पितळेची परात उचलली, तिच्या मागे जाऊन उभी राहिले — आणि फरशीवर सोडून दिली.

ती किंचाळली नाही. डोक्यावर हात घेऊन जमिनीवर कोसळली, आणि तिचं पातळ ओलं झालं. मला तेव्हाच कळलं, हे नाटक नाही.

कळलं, मग थांबायचं ना? नाही थांबले. त्यानंतर आणखी दोनदा टाकली. पहिल्यांदा खरं-खोटं बघायचं होतं. पुढच्या दोन्ही वेळा — मला बरं वाटलं म्हणून. ती भानावर यायच्या आत परात जागेवर ठेवायचे आणि म्हणायचे, "कसला आवाज गो? काय पडूक नाय."

हिराबाय म्हणून एक आगरीण दारावर मीठ विकायला यायची. स्टेशनच्या पूर्वेला मिठागरात राबणारी बाई. तिने कुंदाच्या मुठी पाहिल्या. "डाक्टर कशाला? आमचे पान्यान निजव तिला. मीठ मानसाला उचलून धरतं." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू घेऊन जा."

अशी मी गेले. मनापासून नाही, सांगितलं म्हणून गेले.

मीठ धरायच्या आधी खाडीचं पाणी आटवत ठेवतात, ते गुडघाभर पाण्याचं तळं. उन्हाने कोमट झालेलं, हाताला तेलकट लागणारं. पहिले दोन दिवस कुंदा काठावरच बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वैनी, मी बुडतलंय."

"नाय बुडत. मी धरलंय."

तिने मान माझ्या ओंजळीत टाकली. कान पाण्याखाली गेले आणि तिचं अंग आपोआप वर आलं — पिसासारखं! मला ओझंच लागेना. रोज जायला लागलो. आठवड्याने खांदे उतरले. आणि एके दिवशी तिची उजवी मूठ उघडली, एकेक बोट करत. मग ती सबंध थरथरायला लागली, भोवतालचं पाणी हलायला लागलं, ती रडली, खूप रडली — आणि झोपली. पाण्यावर, उताणी, घोरत! हिराबायने टोपली खाली टाकली. "निजली गो, निजली!" मीठ ओढणाऱ्या बाया हातातलं काम सोडून टाळ्या वाजवायला लागल्या. मीही रडत होते.

जागी झाल्यावर कुंदा म्हणाली, "वैनी, माझ्या डोक्यात एक परात वाजायची. तीनदा वाजली. वाटलं, मी वेडी होतेय. आता नाय वाजणार."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. सांगायची वेळ तीच होती, आणि मी तोंड उघडलं नाही. कुंदा आता बोरिवलीला लेकाकडे असते. तिला अजून वाटतं, तो आवाज तिच्या डोक्यातला होता.

कारखाना पुन्हा सुरू झाला. पहिला भोंगा झाला तेव्हा बाया फाटकाशी अडखळल्या, पण कुंदा पदर खोचून सगळ्यांच्या आधी आत शिरली. आणि पुढच्या रविवारी अपघातातून वाचलेल्या सात जणींना घेऊन ती मिठागरात हजर! कुणाला झोप नव्हती, कुणाचा हात उचलत नव्हता. कुंदा पाण्यात उभी राहून ओरडत होती, "घाबरताय काय? माझी तर पार वाट लागली होती, आता बघा! कान पाण्यात, मान ढिली. आणि मान द्यायची ती वैनीच्या हातात. त्या हातात काय होऊचा नाय."

पांढऱ्या मिठाच्या राशींमध्ये हिरवी, जांभळी, लाल पातळं पाण्यावर पसरली. त्या मोठमोठ्याने हसत होत्या. एकेकीने डोळे मिटून माझ्या ओंजळीत डोकं ठेवलं. मी घेतलं. सातही जणी तरंगल्या.