मेणाच्या टोकाची पेन्सिल

माझ्या धाकट्या जावेकडे सजावटीचे चमकते खडे उचलायची पेन्सिल आहे. दिसायला साधी, फक्त शिशाच्या जागी मेणाचं टोक. ते खड्याच्या माथ्यावर टेकवलं की खडा चिकटून वर येतो आणि गोंदाच्या थेंबावर ठेवला की सुटतो. यवतमाळहून तिनं ती आणली तेव्हा नवी अंगठी केल्यासारखी घरभर दाखवत फिरली. मी म्हटलं, छान आहे. पोटात दुखत होतं, तरी म्हटलं.

दुखायला कारण होतं. दिग्रसला आमच्या गल्लीतल्या मुलींच्या लग्नातले अंतरपाट वर्षानुवर्षं मीच सजवत आले. पूर्वी नवरा-नवरीमध्ये धरायच्या त्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं की भागायचं. आता दोघांची नावं, कलश, मोर, सगळं खड्यांनी चमकावं लागतं. माझं हत्यार म्हणजे उदबत्तीची काडी आणि तिच्या टोकाला मळून लावलेलं मेण. त्या काडीनं मी मोरांचे अख्खे पिसारे भरलेत, उगाच नाही सांगत.

आणि माझ्याच मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा ती जेवता जेवता म्हणाली, "आई, अंतरपाट काकूले करू दे. तिच्याजवळ ते पेन्सिल आहे न."

"माझ्या काडीले काय झालं?"

"काही नाही झालं वं. तुले बाकीचे कामं कमी आहेत काय?"

माझ्याकडे न बघता तिनं वरण वाढून घेतलं.

मग पुढच्या खोलीत अंतरपाट पसरला गेला. वाऱ्यानं खडे उडतात म्हणून ऐन उन्हाळ्यात कूलर बंद. घामानं निथळत काकू-पुतणी शेजारी शेजारी बसायच्या आणि कशावरून तरी खिदळायच्या. त्या खोलीतून जायला मी रोज नवं काम काढत होते. एकदा म्हटलं, "मोराची मान जाड झाली."

"हो काय ताई?" म्हणत जावेनं लगेच कडेचे खडे काढले. भांडली असती तर मला तरी बरं वाटलं असतं. तिचा तो गोडवाच मला सगळ्यात जास्त झोंबायचा.

एका दुपारी दोघी ब्लाउज आणायला टेलरकडे गेल्या. मोराचा डोळा तेवढा राहिला होता. म्हटलं, डोळा आपणच बसवू, पोरीच्या अंतरपाटावर आईचा एक तरी खडा असावा. मी पेन्सिल उचलली. खडा टोकाला आला, पण थेंबावर जाण्याआधीच पडला. दुसराही पडला. तिसऱ्यानं मोराच्या गालावर गोंदाचा ओघळ काढला. उन्हानं मेण मऊ पडलं, दुसरं काय! मिरवायला आणलेली वस्तू अशीच असायची, म्हणत मी मनातल्या मनात खूश झाले. उन्हाळ्यात काडीचं मेण घट्ट करायला मी जे करते तेच केलं. टोक ओल्या फडक्यात गुंडाळलं, माठाला टेकवून ठेवलं आणि चहा केला.

पुन्हा बसले. आता मेण घट्ट होतं. खडाही टोकाला पक्का बसला होता. पण ते टोकच थेंबाभोवती फिरत होतं, थेंबावर काही येत नव्हतं. मी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तरी थांबेना.

"ताई, मेणाले काही नाही झालं."

जाऊ दारात उभी होती, एकटीच. मुलगी टेलरकडेच थांबली होती.

"तुमचा हात कापते. संक्रांतीपासून पाहून राह्यली मी. चहा बशीत सांडते, सुईत दोरा जात नाही. पोरीच्याही ध्यानात आलं. एक दिवस माझ्याजवळ रडली लय. आईले कसं सांगू म्हणे. तुमच्या मनाले लागू नये म्हणून पेन्सिलचं निमित्त केलं आम्ही."

तिनं येऊन माझ्या हातातली पेन्सिल हळूच काढून घेतली आणि माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. असं काही ऐकल्यावर माणूस घाबरतं, डॉक्टरचं विचारतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच चित्र होतं. माझी पोरगी रडतेय, माझ्यासाठी रडतेय, आणि हिच्या मांडीवर डोकं ठेवून. मी हात सोडवून घेतला.

"तुह्याजवळ काहून रडली?" मी विचारलं.