तिन्ही गजानन वेगळे ठेवणाऱ्या मॅडम

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीहून अकोल्याच्या बसमध्ये होते... त्यांनाच भेटायला निघाले होते. शोकसभेत मॅडमच्या क्लासमध्ये माझ्यासोबत असलेला प्रफुल उठला, "मॅडम माझ्या गुरू," म्हणाला आणि रडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुलभा मॅडम जुन्या शहरात, एका किराणा दुकानावरच्या खोलीत डेटाबेसचा पुढचा कोर्स शिकवत. साधा कोर्स करून आलेल्यांकडून त्या दुकानात, ऑफिसात रोज चालतील असे अख्खे प्रोग्राम बांधून घेत. पहिला धडा ठरलेला. "माणसाले नावानं वळखू नका, नंबर द्या. एकाच गावात तीन गजानन असतेत, तिघायचंबी आडनाव एकच!" कोणाचा प्रोग्राम अडकला तर रागावणं नाही. "पयले चहा घे, मंग चूक पाय."

फूलबाजारातल्या अडत्यांसाठी त्यांनी स्वतः एक प्रोग्राम बांधला होता. कोणत्या शेतकऱ्याची किती फुलं आली, कोणाला गेली, सगळं त्यात दिसे. प्रफुल कोर्स अर्धा टाकून त्याची कॉपी अमरावतीला घेऊन गेला. सुरुवातीच्या पडद्यावरचं मॅडमचं नाव पुसलं, स्वतःचं टाकलं आणि बाजारभर विकला. मी चिडले तर मॅडम म्हणाल्या, "जाऊ दे व माय, त्याचं पोट चालून राह्यलं." त्यांनी जाऊ दिलं. मी मनात धरून ठेवलं.

आता क्लास मी चालवते. गेल्या आठवड्यात प्रफुल जिना चढून आला. अडत्यांना नंबर टाकायचा कंटाळा, म्हणून या शहाण्याने नंबरच काढून सगळं नावावर बांधलं होतं. ऐन दसऱ्याच्या तोंडावर एका गजाननाचा झेंडू दुसऱ्याच्या खात्यात जाऊ लागला.

"ताई, लोक मले मारतीन. दुरुस्त करून द्या ना."

मी त्याला नव्या पोरांमध्ये, पहिल्या कॉम्प्युटरवर बसवलं. "आधी तुझं नाव काढ. मॅडमचं टाक."

"अन् अडत्यायले काय सांगू?"

"चोरलं होतं म्हून सांग."

त्याने सगळ्यांसमोर एकेक अक्षर टाईप केलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, "दुरुस्ती तूच करशील. पहिल्या धड्यापासून बस."

तेवढ्यात चहा आला. मॅडमचा कप अजून खिडकीत उपडा असतो. त्या असत्या तर पहिला चहा प्रफुललाच मिळाला असता... मी तो कप सरळ केला, चहा ओतला आणि त्याच्यासमोर उभी राहून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. त्याला विचारलंसुद्धा नाही.